लोकशाहीला पर्याय काय? पालकसभेतल्या एका प्रश्नाचं लांबलेलं उत्तर



आमच्या शाळेत दरवर्षी शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. मतपत्रिका, मतपेटी, बोटाला शाई, सगळं खऱ्यासारखं. गेल्या वर्षी एका उमेदवाराने प्रचारात चॉकलेटं वाटली आणि तो निवडून आला. त्यानंतरच्या पालकसभेत एक पालक उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, कशाला हे निवडणुकीचं नाटक? वर्गातला हुशार, शिस्तीचा पोरगा तुम्हीच नेमून टाका. देशालाही असंच पाहिजे. एक खमका माणूस, दहा वर्षं कुणी मध्ये बोलायचं नाही, बघा कसा सुधारतो देश."

सभेतल्या निम्म्या माना हलल्या. खरं सांगते, क्षणभर माझीही हलली, कारण चॉकलेटचा राग माझ्याही मनात होता. मी काहीतरी "लोकशाही म्हणजे लोकांचं राज्य" असं पुस्तकातलं वाक्य म्हटलं आणि विषय पोषण आहाराकडे वळवला. पण उत्तर दिलं नाही हे मला ठाऊक होतं. सातवीला नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नाही. म्हणून वाचायला बसले. त्या दादांनी जे म्हटलं ते नवीन नाही, मूर्खपणाचं तर अजिबात नाही. गेल्या शंभर वर्षांत जगातल्या मोठमोठ्या लोकांनी हेच म्हटलंय, त्यावर राज्यं उभी केलीत. ती राज्यं कशी चालली, हे पाहिलं तर बोलायला काहीतरी हातात येतं.

आधी शब्द नीट समजून घेऊ

आपण नुसतं 'लोकशाही' म्हणतो, पण अभ्यासक 'उदारमतवादी लोकशाही' म्हणतात. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. मुलांना मी हे असं सांगते. समजा वर्गात ३२ मुलं आहेत. २५ जणांनी हात वर करून ठरवलं की उरलेल्या सात जणांनीच वर्षभर वर्ग झाडायचा. मतदान झालं का? झालं. बहुमत आहे का? आहे. मग हा निर्णय चालेल का? मुलं लगेच ओरडतात, "नाही बाई, हे चीटिंग आहे!"

तर मतदानाने राज्यकर्ते निवडणं हा झाला 'लोकशाही' भाग. आणि निवडून आलेल्यालाही काही गोष्टी करता येणार नाहीत, कोर्ट त्याला अडवू शकेल, वर्तमानपत्र त्याच्यावर टीका करू शकेल, त्या सात जणांचे हक्क कुणी काढून घेणार नाही, हा झाला 'उदारमतवादी' भाग. आपल्या संविधानात मूलभूत हक्क आहेत ते या दुसऱ्या भागासाठी.

पर्याय सुचवणाऱ्या विचारसरणी यातला कुठला ना कुठला धागा सोडवतात. काही म्हणतात, मतदानच नको. काही म्हणतात, मतदान ठेवा पण अडवाअडवी नको. आणि काही अगदी उलट म्हणतात, की ही लोकशाही पुरेशी लोकांची नाहीच, अजून खाली, गावापर्यंत न्या.

हुशार माणसांचं राज्य

आमच्या पालकांचा पहिला मुद्दा: मत देणाऱ्यालाच कळत नाही, तर निवडणार काय? हा मुद्दा तत्त्वज्ञ प्लेटोपासून चालत आलाय. जेसन ब्रेनन या अमेरिकन प्राध्यापकाने २०१६ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं, की माहितीहीन मतदारांच्या हातात सगळ्यांचं भवितव्य देणं हा अन्याय आहे. जॉन स्टुअर्ट मिलसारख्या स्वातंत्र्यप्रेमी माणसानेही १८६१ मध्ये सुशिक्षितांना जास्त मतं द्यावीत असं सुचवलं होतं.

याचा एक छोटासा नमुना आपल्याच राज्यात आहे, आणि तो मला जरा टोचतो. आपल्या विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात पदवीधर मतदारसंघाच्या आणि सात शिक्षक मतदारसंघाच्या आहेत. पण 'शिक्षक' म्हणजे माध्यमिक आणि त्यापुढचे. प्राथमिक शिक्षकाला तिथे मत नाही, कारण संविधानातच तशी तरतूद आहे. मी डीएड झाले तेव्हा पदवी नव्हती. म्हणजे मी शिक्षक असून शिक्षकांत नाही आणि पदवीधरांतही नाही. मुलांना पहिलं अक्षर गिरवायला आम्ही शिकवायचं, पण मताच्या वेळी आमची पात्रता कमी. हुशारांनाच मत द्या म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की रेघ कोण ओढणार? जो ओढेल तो स्वतःला रेघेच्या आतच ठेवणार.

इंग्रजांच्या काळात अशी रेघ होतीच. १९३५ च्या कायद्याखाली प्रांतांच्या निवडणुकीत मालमत्ता, कर, शिक्षण पाहून मताधिकार होता, साधारण तीन-साडेतीन कोटी लोकांना. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार होते १७ कोटींच्या वर, आणि तेव्हा देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. जगातल्या अनेक शहाण्यांना हे वेड वाटलं होतं.

आज हुशारांच्या राज्याचं उदाहरण म्हणून चीन दाखवतात. तिथे नेता निवडणुकीने नाही, तर पक्षात खालून वर चढत, काम दाखवत येतो, म्हणून तो जास्त लायक, असा युक्तिवाद आहे. रस्ते, रेल्वे, कारखाने आणि कोट्यवधी लोक गरिबीतून बाहेर, हे सगळं खरं आहे. नाकारण्यात अर्थ नाही. पण याच पक्षाच्या राज्यात १९५८ पासून 'मोठी झेप' नावाची मोहीम निघाली. धान्याचं उत्पादन किती वाढलं याचे आकडे वर पाठवायचे होते. बढती आकड्यांवर होती, म्हणून प्रत्येक अधिकाऱ्याने आकडा फुगवला. आणि त्या फुगवलेल्या आकड्यांच्या हिशोबाने सरकारने गावांतून खरंखुरं धान्य उचलून नेलं. १९५९ ते १९६१ या काळात दुष्काळात किती माणसं मेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. फंग दहुआई हे संरक्षणमंत्री होते, मोठे सेनानी. त्यांनी १९५९ मध्ये माओला पत्र लिहून चूक दाखवली, तर त्यांनाच पदावरून काढलं. मग दुसरं कोण बोलणार?

अमर्त्य सेन यांचा प्रसिद्ध मुद्दा इथलाच आहे. स्वतंत्र वर्तमानपत्रं आणि नियमित निवडणुका असलेल्या देशात असा मोठा दुष्काळ पडत नाही, कारण बातमी दाबता येत नाही आणि सरकारला पडायची भीती असते. शिक्षकांना हे वेगळं समजवायला नको. "सर्व विद्यार्थी १०० टक्के प्रगत" असं भरलेले तक्ते आपण सगळ्यांनी पाहिलेत. वरच्याला नकार ऐकायची सवय नसली की खालून फक्त होकार येतो. वरचा कितीही हुशार असला तरी त्याच्या टेबलावर आलेला कागदच खोटा असेल, तर हुशारी काय कामाची?

आणि लायकीने वर आलेला नेता खाली कसा उतरवायचा? चीनमध्ये अध्यक्षपदाला दोन कार्यकाळांची मर्यादा होती. २०१८ मध्ये ती काढली. ठरावाच्या बाजूने २९५८ मतं, विरोधात दोन.

खमका माणूस: इटली

दादांचा दुसरा मुद्दा हा खमक्या माणसाचा. त्यासाठी इटली पाहावी लागते, कारण 'फॅसिझम' हा शब्दच तिथला. आजकाल तो शिवीसारखा वापरतात, पण ती एक मांडलेली, लिहिलेली विचारसरणी होती. १९३२ मध्ये इटलीच्या विश्वकोशात मुसोलिनीच्या नावाने त्यावर लेख छापला गेला. तत्त्वज्ञानाची बाजू सांभाळणारे होते जोव्हान्नी जेंतिले, जे आधी शिक्षणमंत्री होते. विचार थोडक्यात असा: माणूस एकटा काही नाही, राज्य हेच सर्व काही. पक्ष भांडतात, संसद नुसती बोलते, कामगार आणि मालक एकमेकांचे पाय ओढतात. त्यापेक्षा सगळ्यांना राज्याच्या छत्राखाली व्यवसायवार संघांत बसवा आणि नेत्याला निर्णय घेऊ द्या.

हे लोकांना पटलं, हे विसरू नका. पहिल्या महायुद्धानंतर इटलीत संप, बेकारी, दर काही महिन्यांनी कोसळणारी मंत्रिमंडळं, सगळं होतं. लोक कंटाळले होते. ऑक्टोबर १९२२ मध्ये काळे सदरे घातलेले हजारो लोक रोमकडे निघाले आणि राजाने घाबरून मुसोलिनीला पंतप्रधान केलं. म्हणजे तो कायद्याच्या दारातूनच आत आला.

पुढची पावलं मी मुद्दाम क्रमाने सांगते. १९२३ मध्ये कायदा झाला, की किमान २५ टक्के मतं घेऊन जी यादी पहिली येईल तिला दोन-तृतीयांश जागा. १९२४ ची निवडणूक मारहाण आणि धमक्यांत झाली. जाकोमो मात्तेओत्ती या समाजवादी खासदाराने ३० मे रोजी संसदेत उभं राहून त्या गैरप्रकारांचा हिशोब मांडला. १० जूनला त्याचं अपहरण झालं, आणि ऑगस्टमध्ये त्याचा मृतदेह सापडला. जानेवारी १९२५ मध्ये मुसोलिनीने संसदेतच सगळी जबाबदारी आपली असल्याचं सांगितलं, जणू आव्हान दिलं, की करा काय करायचं ते. कुणी काही केलं नाही. १९२६ मध्ये बाकीच्या पक्षांवर बंदी आली. चार वर्षांत संपलं सगळं.

तरी मतदान चालूच ठेवलं होतं! १९२९ मध्ये ४०० नावांची एकच यादी लोकांपुढे आली. हो किंवा नाही. 'हो'च्या मतपत्रिकेवर झेंड्याचे तीन रंग, 'नाही'ची कोरी पांढरी. कोण काय देतंय हे कळायला वेळ लागत नव्हता. ९८ टक्क्यांहून जास्त लोकांनी 'हो' दिलं.

आता आपल्या कामाचा भाग. १९३०-३१ पासून इटलीच्या प्राथमिक शाळांत एकच सरकारी पाठ्यपुस्तक आलं, देशभर सगळ्यांना तेच. वाचनाच्या धड्यांत नेता, सैनिक, साम्राज्य. मुलांच्या संघटनेत गणवेश आणि कवायत. भिंतीवर घोषवाक्य, की नेत्याचं नेहमीच बरोबर असतं. १९३१ मध्ये विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. बाराशेच्या आसपास प्राध्यापक होते. नकार देणारे किती? जेमतेम डझनभर.

हा आकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. बाकीच्या सगळ्यांना वाईट म्हणावं असं मला वाटत नाही. त्यांना घर होतं, पोरं होती, पगार होता. मी असते तर काय केलं असतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर शपथ घेतली असती आणि घरी येऊन रडले असते.

दलदली आटवल्या, शेतं केली, रस्ते बांधले, ही कामं झाली. गाड्या वेळेवर धावत असं तर आजही सांगतात, जरी त्यात प्रचाराचा भाग बराच होता. पण जून १९४० मध्ये तयारी नसताना देश महायुद्धात ओढला गेला, तेव्हा थांबवणारी एकही संस्था उरली नव्हती. संसद नाही, विरोधी पक्ष नाही, वर्तमानपत्र नाही. 'कुणी मध्ये बोलायचं नाही' याचा अर्थ असाही होतो.

गाड्या वेळेवर

हे वाक्य मी लहानपणापासून घरी ऐकलंय, फक्त दुसऱ्या संदर्भात. आमचे वडील म्हणायचे, "आणीबाणीत एसटी वेळेवर, कचेरीत साहेब वेळेवर." तुमच्याकडेही कुणीतरी म्हणत असेल. वडिलांचं खोटं नव्हतं. त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. न दिसलेलं असं, की जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात हजारो माणसं खटल्याशिवाय तुरुंगात होती, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, नसबंदीची सक्ती झाली, लोकसभेची मुदत वाढवली गेली. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या. त्यांनी मंचावरून लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली आणि पुढे त्यांनाही अटक झाली. साहेब वेळेवर येत होता कारण तो घाबरलेला होता. वडिलांशी यावर माझी खूप वादावादी झालीय. ते शेवटी म्हणायचे, "पण येत होता ना?" आणि मी निरुत्तर.

मतदान ठेवा, बाकी काढा: हंगेरी

इटलीची गोष्ट जुनी झाली. आज कुणी संसदेकडे काळे सदरे घालून चालत येत नाही. आजचा पर्याय जास्त सभ्य आहे, म्हणून ओळखायला अवघड. त्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण हंगेरी. एक कोटीही लोकवस्ती नसलेला युरोपातला देश.

व्हिक्टर ऑर्बान हे २०१० मध्ये तिथे प्रचंड बहुमताने निवडून आले. २६ जुलै २०१४ रोजी एका भाषणात त्यांनी उघड सांगितलं, की आम्ही उदारमतवादी नसलेलं राज्य उभारतोय. लोकशाही म्हणजे उदारमतवादच असला पाहिजे असं नाही. यशस्वी देशांची उदाहरणं म्हणून त्यांनी सिंगापूर, चीन, भारत, रशिया आणि तुर्कस्तान यांची नावं घेतली. आपलं नाव त्या रांगेत वाचून मी दोनदा तपासलं. (पाचही देश एका मापाचे नाहीत, हे सांगायला हवं.)

त्यांचं म्हणणं असं, की उदारमतवाद व्यक्तीला इतकं मोकळं सोडतो, की राष्ट्र, कुटुंब, समाज यांचं कुणालाच काही वाटत नाही. २००८ च्या आर्थिक संकटात बँकांनी लोकांना लुबाडलं आणि कायदे बघत बसले. या तक्रारीत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही.

पण केलं काय ते पाहा. संसदेत दोन-तृतीयांश बहुमत होतं, त्यामुळे २०११ मध्ये नवं संविधान एकाच पक्षाच्या मतांवर मंजूर झालं. न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून ६२ केलं, म्हणजे जुने न्यायाधीश एका फटक्यात घरी. युरोपच्या न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं, पण तोवर बऱ्याच खुर्च्यांवर नवे लोक बसले होते. संसदेच्या जागा ३८६ वरून १९९ केल्या आणि मतदारसंघ नव्याने आखले. २०१४ मध्ये पक्षाला साधारण ४५ टक्के मतं मिळाली आणि जागा १३३. दोन-तृतीयांशाला लागतात तेवढ्याच, बरोब्बर. मग २०१८ मध्ये सरकारच्या मर्जीतल्या मालकांनी चारशेहून अधिक वर्तमानपत्रं, वाहिन्या, संकेतस्थळं एका संस्थेला दान करून टाकली!

यात एकही गोष्ट बेकायदा नव्हती, कारण कायदा करणारेच ते होते. मतदानाच्या दिवशी मतपेटीत कुणी हात घातला नाही. पण विरोधकाला पोस्टर लावायला भिंत नाही, बोलायला वाहिनी नाही, दाद मागायला तटस्थ न्यायाधीश नाही. क्रीडास्पर्धेत पंच, मैदान आणि शिट्टी एकाच संघाची असेल तर धावणारा कितीही जोरात धावू दे. २०१०, २०१४, २०१८, २०२२ अशा चारही वेळा तोच पक्ष दोन-तृतीयांशाने जिंकला. (मतं कमी आणि जागा जास्त हे आपल्याकडेही होतं, आपल्या पद्धतीतही तो दोष आहे. पण खेळ चालू असताना नियम कोण बदलतोय, हे बघायचं.)

शाळांचं काय झालं? २०१३ पासून गावा-नगराच्या ताब्यातल्या शाळा केंद्र सरकारच्या एका मोठ्या कार्यालयाखाली गेल्या. खडूसुद्धा वरून मंजूर व्हायचा अशी शिक्षकांची तक्रार होती. पाठ्यपुस्तकांची निवड आकसली. २०१६ मध्ये शिक्षणखातं सांभाळलेल्या एका माजी पदाधिकाऱ्याने शिक्षकांची टर उडवली, की दाढी न केलेले, केस विस्कटलेले, चौकड्यांचा शर्ट घातलेले हे लोक. दुसऱ्या दिवसापासून हजारो शिक्षक, पालक, मुलं चौकड्यांचे शर्ट घालून फोटो टाकू लागली. चौकड्यांचा शर्ट हीच आंदोलनाची खूण झाली. २०२२ मध्ये शिक्षकांच्या संपावर इतक्या अटी आल्या, की संपाला अर्थच उरला नाही. मग काहींनी नियम मोडून काम थांबवलं आणि त्यांना नोकरीवरून काढलं. त्यांच्यासाठी विद्यार्थी आणि पालक हात धरून रस्त्यावर साखळी करून उभे राहिले.

इराण आणि सिंगापूर यांवर फार लिहीत नाही. इराणमध्ये १९७९ नंतर धर्मशास्त्री सर्वोच्च आहे. निवडणूक होते, पण कोण उभं राहायचं हे बारा जणांचं मंडळ ठरवतं. २०२१ मध्ये अध्यक्षपदासाठी ५९२ जणांनी नावं दिली, सात जणांना परवानगी मिळाली. सिंगापूरमध्ये १९५९ पासून एकच पक्ष सत्तेवर आहे. कारभार स्वच्छ, शाळा उत्तम, पण २०२० मध्ये ६१ टक्के मतांना ९३ पैकी ८३ जागा. सिंगापूर हे खमक्या माणसाच्या बाजूचं सर्वांत चांगलं उदाहरण आहे हे मी मान्य करते. फक्त एवढंच, की सिंगापूर एका शहराएवढं आहे, आणि असे खमके डझनभर मोजले तर त्यात सिंगापूर एखादंच निघतं.

उलट्या दिशेचा पर्याय

आता तिसरा गट. यांची तक्रार मला जवळची वाटते. हे म्हणतात, पाच वर्षांतून एकदा बटण दाबायचं आणि मग गप्प बसायचं, ही कसली लोकशाही? पक्षच लोकांना फोडतात, तिकिटं विकतात, जात मोजतात.

मानवेंद्रनाथ रॉय हे आधी मोठे कम्युनिस्ट. त्यांनी १९४८ मध्ये स्वतःचा पक्षच विसर्जित केला आणि पक्षविरहित लोकशाही, लोकसमित्या यांची कल्पना मांडली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांच्याच प्रभावळीतले. जयप्रकाश नारायण यांनी १९५९ मध्ये आराखडा लिहिला, की ग्रामसभा पाया, तिच्यातून वरच्या पंचायती, पक्षांचे उमेदवार नकोत. गागोद्यात जन्मलेले विनोबाही याच वाटेचे, सर्वसहमतीचे.

वाचताना मन भारावतं. पण शेजारी नेपाळमध्ये काय झालं ते पाहा. १९५९ मध्ये तिथे पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, नेपाळी काँग्रेसला १०९ पैकी ७४ जागा मिळाल्या आणि बी. पी. कोइराला पंतप्रधान झाले. डिसेंबर १९६० मध्ये राजे महेंद्र यांनी सरकार बरखास्त केलं आणि कोइरालांना तुरुंगात टाकलं, ते १९६८ पर्यंत. १९६२ मध्ये नवी व्यवस्था आली, तिचं नाव 'पंचायत'. पक्ष बंद. कारण काय दिलं? पक्षांची लोकशाही परदेशी आहे, आपल्या मातीला पंचायतच शोभते. गावपातळीपासून वरपर्यंत पायऱ्या अगदी कागदावरच्या आदर्शासारख्या, आणि सगळ्यांच्या वर राजा. हे तीस वर्षं चाललं, १९९० च्या आंदोलनापर्यंत. पक्ष नकोत म्हटल्यावर विरोध संघटित करायचं साधनही जातं, आणि ज्याच्याकडे आधीच सैन्य किंवा पैसा आहे तोच उरतो.

तरीही खालून लोकशाही होते, हे गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने दाखवलंय. 'दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा बहुतेकांनी ऐकली असेल. ग्रामसभेत बहुमताने नाही, तर सर्वसहमतीने निर्णय. एक जण जरी अडला तरी पुन्हा चर्चा. त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली त्यांनी सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकायचा अधिकारही. त्यांच्या घोषणेचा पहिला अर्धा भाग आपण विसरतो. दिल्ली-मुंबईतलं सरकारही ते आपलंच म्हणतात. संसदेने केलेला कायदा नसता तर ते दाद कशाच्या आधारे मागणार होते?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत जे सांगितलं त्यात हे दोन्ही धागे आहेत. राजकारणात भक्ती आली की हुकूमशाहीकडे वाट जाते, असा इशारा त्यांनी दिला. आणि त्याच भाषणात हेही सांगितलं, की मतात समानता आणि पोटापाण्यात, सामाजिक जीवनात विषमता अशी विसंगती फार काळ टिकू दिली तर ज्यांना विषमता सोसावी लागते तेच हा डोलारा उधळतील. आमच्या पालकसभेत उभे राहिलेले दादा मजुरी करतात. रेशन, दाखला, विहिरीचं अनुदान, प्रत्येकासाठी त्यांनी खेटे घातलेत. त्यांना हुकूमशहा आवडतो म्हणून ते बोलले नव्हते. खेटे संपावेत म्हणून बोलले होते. हे मला तेव्हा कळलं असतं तर मी पुस्तकातलं वाक्य तोंडावर फेकलं नसतं.

वर्गात काय केलं

यंदा निवडणुकीच्या आधी सातवीत एक तास वेगळा घेतला. इटलीचं नाव सांगितलं नाही. मंत्रिमंडळाची सगळी नावं मीच फळ्यावर लिहिली, चांगली हुशार मुलं निवडून. मग प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या दिल्या, रंगीत म्हणजे 'हो' आणि पांढरी म्हणजे 'नाही'. आणि डब्याशेजारी मी स्वतः उभी राहिले. २९ रंगीत, दोन पांढऱ्या. पांढरी टाकणाऱ्या एका मुलीने माझ्याकडे न बघता टाकली.

मग विचारलं, काय वाटलं? एक जण म्हणाला, "यादी चांगली होती बाई, पण आम्हाला कुणी विचारलंच नाही." दुसरी म्हणाली, "तुम्ही तिथे उभ्या होतात." मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, 'नाही' जास्त झाले असते तर मग कोण आलं असतं?" मी म्हटलं, तूच सांग. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "परत तीच यादी."

खरी निवडणूक पुढच्या शनिवारी झाली. चॉकलेटावर बंदी घालायची का, हे मुलांनीच सभा घेऊन ठरवलं, घातली. त्या दादांना मी मतदान केंद्रप्रमुख म्हणून बोलावलं होतं. मजुरी बुडवून आले. मतपेटी रिकामी आहे हे त्यांनी उलटी करून सगळ्यांना दाखवली, मोजणी तीन वेळा केली. मुख्यमंत्रिपदाचा निकाल दोन मतांनी लागला. हरलेल्या मुलीने फेरमोजणी मागितली, तेव्हा तेच म्हणाले, "मागू दे की, हक्क आहे तिचा," आणि चौथ्यांदा मोजायला बसले.